उजेडापुरती क्लॉडिया

ज्युडच्या संगणकात दोन हजारांवर आकाशं होती, आणि त्यांतल्या एकाही आकाशाखाली त्याची बायको क्लॉडिया नव्हती. हे त्याच्या नीट ध्यानात आलं ते तिच्या मृत्यूनंतर तेविसाव्या दिवशी. चर्चमधला महिन्याचा मिस्सा, तिच्यासाठीची प्रार्थना, येत्या रविवारी होता. वेदीपुढच्या मेजावर तिचा फोटो ठेवायचा होता, आणि मडगावच्या इस्पितळातल्या नोकरीतून रजा काढून आलेली त्यांची मुलगी जेनिस सकाळपासून कपाट उपसत बसली होती.

"लग्नातलो नको," ती म्हणाली. "त्यात ती माझ्यापेक्षा ल्हान दिसता. माझ्या फोनवर आसत ते सगळे आजारातले, डोक्याक फडको बांधलेले. ते तर नकोच. पप्पा, तुमी फोटोग्राफर मरे? बायलेचो एक बरो फोटो नाय तुमच्याकडे?"

ज्युडकडे देण्यासारखं उत्तर होतं ते एवढंच, की चौदा वर्षं, जवळजवळ दर आठवड्याला, त्याने बायकोचे फोटो काढले होते आणि स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते.

मालवणच्या बाजारपेठेत त्याचा स्टुडिओ होता. मे महिन्यातल्या लग्नांत फोटोत आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं उतरतं. गिऱ्हाइकाला मात्र नवरीच्या मागे भरलेलं, रंगांनी ओथंबलेलं आभाळ हवं असतं. फोटोत मागे जोडायला तयार आकाशं विकत मिळतात, पण ती ज्युडला कधी सोसली नाहीत. धामापूरच्या तळ्याकाठी उभ्या असलेल्या जोडप्याच्या डोक्यावर कुठल्याशा बर्फाळ मुलखाचे ढग आणून टांगायचे, हे त्याला खोटी साक्ष दिल्यासारखं वाटे. म्हणून तो स्वतःची आकाशं जमवू लागला.

रविवारी दुपार कलली की तो क्लॉडियाला स्कूटरवर मागे बसवून निघे. कधी वालावलची खाडी, कधी थेट तळेऱ्यापलीकडचे कातळाचे सडे. विजेच्या तारा नकोत, पक्षी नकोत, माडाचं टोकसुद्धा नको. क्षितिज चौकटीत अगदी तळाशी हवं. त्याच्याजवळचा तो फिका, धुरकट पट्टा असेल तरच जोडलेलं आभाळ परक्या जमिनीवर टेकतं. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे उजेडाची दिशा. माणसाच्या गालावर ऊन डावीकडचं आणि ढगावर उजवीकडचं असेल, तर पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण फोटो त्याला खुपत राहतो.

ती दिशा टिपून ठेवायला क्लॉडिया होती. ज्युड पहिला फोटो तिच्यासकट घेई. मग म्हणे, "आता बाजूक हो गो," आणि दुसरा नुसत्या आभाळाचा घेई. घरी आल्यावर पहिल्या फोटोत तिच्या चेहऱ्यावर ऊन कुठून पडलं आहे ते पाहून दुसऱ्याला नाव देई: वालावल, पश्चिम, ऊन मागून. नाव दिलं की पहिल्याचं काम संपे. जागा अडते म्हणून तो पुसून टाकला जाई.

"लोकांच्यो बायलो फोटोत ऱ्हवतत," क्लॉडिया हसून म्हणायची. "माका तू थर्मामीटरासारख्या वापरतंस. बघून झाला की झटकून ठेवायचा."

तेव्हा तोही हसला होता.

दुपारी जेवण दोघांनाही गेलं नाही. ज्युडला एकाएकी निलेश आठवला. कुडाळला लग्नाचे अल्बम बांधून देणारा हा पोरगा. एका हंगामात घाई होती म्हणून ज्युडने न निवडताच कॅमेऱ्यातलं आख्खं कार्ड त्याच्याकडे दिलं होतं. त्याने फोन लावला.

"दादा, माझ्याकडे नुसतो कचरो आसा," निलेश म्हणाला. "तुमी दिलेला कायएक पुसूक नाय मी. व्यवस्थितपणा नाय हां, आळस. थांबा, बघतंय."

चार वाजता फोटो आला. एकच होता. त्या कार्डावरचे तिचे बाकीचे फोटो ज्युडने आधीच पुसले असावेत; हा एक घाईत नजरेतून सुटला होता.

जेनिस त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पडद्यावर खाडीवरचं आभाळ पसरलं होतं: तांबूस कडांचे, थरावर थर चढलेले ढग. मोह पडावा असं आभाळ. त्याच्या तळाशी एक काळी बाहुली.

"ह्यात मम्मा खंय?"

ज्युडने त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ढगांतलं काही जळू नये म्हणून त्या दिवशी त्याने उजेड आवळून धरला होता. आभाळ सगळं वाचलं होतं. क्लॉडिया अंधारात गेली होती.

मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. उजेड वाढवत नेला. आधी ढगांच्या कडा विरल्या, मग तांबूस रंग गेला, मग थर एकमेकांत वितळले. ज्या आभाळासाठी तो तासभर चिखलात उभा राहिला असेल, ते पाहता पाहता पांढरंफटक झालं. त्याचा हात थांबला नाही. खालच्या काळोखातून हळूहळू एक कपाळ वर आलं, कपाळाला चिकटलेले केस, बारीक केलेले डोळे. वाळूतून उकरून काढल्यासारखा कणाकणांचा चेहरा. पण तिचा. आजाराच्या आधीचा.

जेनिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मागे आभाळ घालशात?" तिने हळूच विचारलं.

"नाय."

तो फोटो आणखी मोठा करून पाहू लागला. क्लॉडियाचं तोंड किंचित उघडं होतं. ती बोलत होती, सरळ कॅमेऱ्याकडे पाहून, त्याच्याशी.

"काय सांगता हा ती तुमका?" जेनिस म्हणाली.

ज्युडने आठवून पाहिलं. खाडी आठवली, वारा आठवला, ढग कुठून कुठे सरकत होते तेही आठवलं; तिचे शब्द तेवढे आठवेनात. त्याचे डोळे तेव्हा तिच्या डोक्यावरून पलीकडे लागलेले होते.

"घराक जाव या म्हणत आसतली," तो म्हणाला.

जेनिसने मान हलवली आणि फ्रेमचं माप घ्यायला टेप शोधू लागली. ज्युड पडद्याकडे पाहत राहिला. चौदा वर्षांत घरी जाऊया, असं क्लॉडिया एकदाही म्हणाली नव्हती. त्याला खात्रीने ठाऊक होतं ते तेवढंच.