फोटोपुरता बोर्ड

बोर्ड परत लावलेला पाहून उज्वला जिन्यातच थांबली.

दुसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या डाव्या बाजूला अमोलच्या कंपनीची स्टीलची अक्षरं होती, ती नेहमीचीच. उजव्या बाजूला आज तिचा बोर्ड होता. निळ्यावर पांढरी अक्षरं : कुसाई वेब सर्व्हिसेस. खाली बारीक, प्रोप्रा. उज्वला सुनील शेजवळ. दोन वर्षं तो पँट्रीत गॅसच्या सिलिंडरमागे तोंड फिरवून उभा होता. आज कोणीतरी तो ओल्या फडक्याने पुसलाही होता.

आत अमोल फोनवर होता. तिने बोटाने दाराकडे खूण केली. त्याने मान हलवली, फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, “आज पुण्याची मंडळी येतायत. सगळं नीट दिसलं पाहिजे.”

तिला बरं वाटलं. सकाळभरात काही काम नसताना ती दोनदा बाहेर जाऊन आली.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं, डेंटल क्लिनिकच्या वरचं हे ऑफिस होण्याआधी कंपनी अमोलच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत होती. तेव्हा तिथे दोघंच होते. अमोल वेबसाइट बनवायचा आणि उज्वला त्या तपासायची. प्रत्येक बटण दाबून बघायचं, प्रत्येक फॉर्म चुकीचा भरून बघायचा, कुठे काय अडतं ते सांगायचं. वेबसाइट करून घेणाऱ्या पिंपळगावच्या पॅकहाउसवाल्यांना फोन करून द्राक्षांचे फोटो मागवायचे, तेही तिच्याचकडे. पुढे माणसं वाढली. आता आठजण होते आणि आठहीजणांना मुलाखतीत पहिला प्रश्न तिने विचारला होता.

त्यांचं सगळं काम चालायचं ते एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर. त्या कंपनीची योजना होती : वेबसाइट बनवणारी नवी कंपनी, दहाच्या आत माणसं, तर तीन वर्षं लायसन्स फुकट. त्यानंतर विकत. लहान लोकांना उभं राहायला वेळ मिळावा, असा त्यामागचा हेतू होता. अमोलची तीन वर्षं संपली तेव्हा विकत घेण्याइतकी कंपनी उभी राहिली नव्हती, निदान अमोल तसं म्हणाला. त्याने उज्वलाला केबिनमध्ये बोलावून मार्ग सांगितला. नवी कंपनी काढायची. तिच्या नावाने. नव्या कंपनीला पुन्हा तीन वर्षं मिळतात. एकाच माणसाला दोन्हीकडे दाखवता येत नाही, म्हणून तिला इथल्या पगारपत्रकातून काढायचं आणि तेवढेच पैसे तिच्या कंपनीला कामाचे म्हणून द्यायचे. फरक काही नाही, कंपनी आपलीच, असं तो म्हणाला.

नाव काय ठेवायचं ते तिने ठरवावं, एवढं मात्र त्याने तिच्यावर सोडलं. तिने आईचं नाव दिलं. आई कुसाबाई, म्हणून कुसाई.

“पापडाच्या उद्योगासारखं वाटतं,” अमोल हसून म्हणाला होता. “पण चालेल.”

नव्या कंपनीचं खातं उघडायला बँकेला दारावरच्या बोर्डचा फोटो हवा होता. बोर्ड बनवला, लावला, बँकेचा माणूस फोटो काढून गेला आणि संध्याकाळी अमोलने तो उतरवला. आलेल्या माणसाला दोन नावं दिसली की गोंधळ होतो, म्हणाला. पण तोवर उज्वलाने माहेरी, सायखेड्याला फोन केला होता. पुढच्याच आठवड्यात तिचे वडील धोंडीराम बसने आले. रोहितने, नुकत्याच लागलेल्या डेव्हलपरने, तेवढ्यापुरता बोर्ड पुन्हा टांगला.

“लय भारी,” धोंडीराम म्हणाले. मग वाकून खालची ओळ वाचत राहिले. “तुझं नाव बारीक का गं?”

“तसंच लिहितात आप्पा.”

“नाय. मोठं पायजे.”

ते गेल्यावर बोर्ड पँट्रीत गेला. तिने सायखेड्याला हे कधी सांगितलं नाही.

पुण्याची मंडळी म्हणजे एकच माणूस निघाला. यादव नावाचा, चाळिशीचा, हळू बोलणारा. पुण्याची मोठी कंपनी अमोलची कंपनी सोमवारपासून विकत घेणार होती, माणसांसकट, आणि हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी सगळं तपासणं हे यादवचं काम. आल्या आल्या त्याने दारातल्या दोन्ही बोर्डांचा फोटो काढला. बसायला जागा मागितली तेव्हा अमोलने त्याला खिडकीजवळचं, उज्वलाचं टेबल दिलं. तिथे उजेड चांगला होता.

दुपारी उज्वलाला केबिनमध्ये बोलावलं. अमोल उभा राहिला.

“या उज्वला मॅडम,” तो यादवला म्हणाला. “कुसाई वेबच्या मालक.”

अमोलने तिला आजवर मॅडम म्हटलं नव्हतं.

यादवने शांतपणे विचारायला सुरुवात केली. इथल्या सगळ्या मशीनवरचं सॉफ्टवेअर कुसाई वेबच्या नावावर आहे. ते फक्त कुसाई वेबनेच वापरावं अशी योजनेची अट आहे. मग अमोलसरांच्या ऑफिसातली मुलं ते कसं वापरतात? उज्वलाने अमोलकडे पाहिलं. अमोल यादवशी बोलला. मॅडमना आम्ही इथे जागा दिलेली आहे, त्यांची कंपनी वेगळी, त्यांच्या लायसन्सचं त्या बघतात, आमचा त्याच्याशी संबंध नाही. मुलांना त्यांनी वापरू दिलं असेल तर ते त्यांच्यात ठरलं असेल.

सगळं एका दमात, न अडखळता.

“मला फक्त स्पष्ट उत्तर हवंय,” यादव म्हणाला. “अमोलसरांनीच दुसऱ्या नावाने योजना घेतली असेल, तर आमची कंपनी यात पडणार नाही. तसं नसेल तर आम्ही आमचं सॉफ्टवेअर टाकतो आणि आठही जणांना सोमवारपासून आमच्याकडे घेतो.”

“आणि मला?” उज्वलाने विचारलं.

यादवने समोरचा कागद पाहिला. “तुम्ही स्वतंत्र आहात ना?”

अमोलने पाच मिनिटं मागून घेतली. तो तिला बाहेर जिन्याच्या तोंडाशी घेऊन आला. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत होता.

“नुसतं हो म्हण,” तो म्हणाला. “मी वापरू दिलं म्हण. आठ घरं चालतील.”

“त्या परदेशी कंपनीने विचारलं तर उत्तर कोणी द्यायचं?”

“एवढ्या लहान कंपनीच्या मागे कोण लागतंय?”

“लागलं तर?”

“तर बघू. मी आहे ना.”

“सर, इथे दोन कंपन्या आहेत हे तुम्ही यादवसाहेबांना कधी सांगितलंत?”

“मागच्या आठवड्यात.”

म्हणजे एक आठवडा तो रोज तिच्यासमोर बसून डबा खात होता. काल तर तिने आणलेली शेवग्याची भाजी त्याने मागून घेतली होती.

“आणि बोर्ड?”

“फोटो लागणार होता त्यांना.”

“मला वाटलं...” ती म्हणाली आणि थांबली.

“उज्वला, मी काही खोटं बोललो का सांग. सही तुझी आहे. खातं तुझं आहे. नाव तर तूच ठेवलंस.”

ती आत आली. काचेतून मुलं दिसत होती. रोहित कानात हेडफोन घालून मान हलवत होता. डिझाइन करणारी स्नेहल कुठल्याशा कोल्ड स्टोरेजच्या मालकाला फोनवर समजावत होती की काका, लोगो अजून मोठा केला तर मजकुराला जागा उरणार नाही. मुलांसाठी हो म्हणावं, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. खरं काय ते सांगायचं झालं, तर एका परक्या माणसासमोर म्हणावं लागलं असतं, की ती कंपनी माझी नाही, कधीच नव्हती. हे वाक्य तिने मनात जुळवून पाहिलं. ते तोंडाशी येईना.

“हो,” ती यादवला म्हणाली. “कंपनी माझी आहे. मुलांना मीच वापरू दिलं.”

यादवने लिहून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाला की असं करायला नको होतं, मॅडम. अमोल टेबलावरच्या पेनाचं टोपण लावत होता. यादवची आणखी एकच अट होती. हे सॉफ्टवेअर आजच्या आज सगळ्या मशीनवरून काढलं गेलं पाहिजे आणि ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः ते काढावं.

तिने रोहितपासून सुरुवात केली. त्याने हेडफोन काढला.

“ताई, काय झालं?”

“काम सेव्ह कर आणि ऊठ जरा.”

तो उठला. ती त्याच्या खुर्चीत बसली. सॉफ्टवेअर काढल्याची स्क्रीनवरची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि तो मागे उभा राहून बघत होता. “आता काम कशावर करायचं?” त्याने विचारलं. सोमवारी नवं येईल, ती म्हणाली. मग ती पुढच्या खुर्चीत गेली. स्नेहलने विचारलं की सोमवारी कागदांवर सह्या करायला पुण्याला सगळ्यांनी एकत्रच जायचं ना, ताईंनी कोणाच्या गाडीत बसायचं ठरवलंय? उज्वला म्हणाली, आधी तुझं काम सेव्ह कर. स्नेहलने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग अमोलच्या बंद दाराकडे, आणि ती काम सेव्ह करून उठली.

तिसऱ्या-चौथ्या टेबलापर्यंत बातमी तिच्या आधी पोचली. ती येण्यापूर्वीच मुलं उठून भिंतीशी उभी राहत होती. कोणी खुर्ची पुसल्यासारखी करून पुढे सरकवत होतं. फोन वाजले तर कोणी उचलत नव्हतं. ती प्रत्येक मशीनवरून काढून झाल्यावर एकदा उघडून बघत होती, काही उरलं तर नाही ना. सवयच होती तशी.

सगळी मशीनं झाली. शेवटचं राहिलं ते खिडकीजवळचं, तिचं. तिथे यादव बसला होता. कीबोर्ड बाजूला सारून त्याने आपला लॅपटॉप मांडला होता आणि पुण्याला पाठवायचं काहीतरी लिहीत होता.

पाठीमागे कोणी आल्याचं जाणवून त्याने वर पाहिलं.

“इथलं पण काढायचंय का?”

“हो. एवढं एकच राहिलं.”

“दोन मिनिटं हं, मॅडम,” तो म्हणाला आणि पुन्हा लिहू लागला.

“चालेल,” उज्वला म्हणाली आणि खुर्चीमागे उभी राहिली.