तीन मीटर बारा

"तू पोरगा असून असा गरगर गिरक्या का घेतो रे?"

प्रश्न माझा नव्हता, पायलचा होता. मधल्या सुट्टीत तिने पैज लावली की प्रितमला हे तोंडावर विचारायची हिंमत वर्गात एकीतही नाही. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरी इतकी हळू द्यायचे की दोनदा हजर असून गैरहजर लागले. पण नववीत गेल्यापासून माझ्यात काय भरलं कोण जाणे. मी सरळ दहावीच्या वर्गासमोर गेले आणि विचारलं. मागे पायल खांबाआड तोंड दाबून हसत होती.

प्रितम चिडला नाही. "उद्या सकाळी सहाला हॉलवर ये. आधी बघ, मंग विचार."

गेले. आणि मग रोजच जात राहिले.

हॉल म्हणजे मस्तगडच्या आमच्या घरापासून सायकलीवर दहा मिनिटांवरचं एक मंगल कार्यालय. आषाढात लग्नं थांबली की तुळशीच्या लग्नापर्यंत ते रिकामंच. मालक ते सकाळी स्केटिंग शिकवणाऱ्या राजानंद सरांना वापरू देतात. म्हणजे लग्नांचा सीझन संपला की या पोरांचा सुरू! टीव्हीवर बर्फावर करतात ते सगळं ही पोरं चाकांच्या बुटांवर करतात. उड्या काय, गिरक्या काय! पण सरांचा जीव 'फिगर'मध्ये. जमिनीवर एकमेकांना टेकलेले दोन मोठे गोल, इंग्रजी आठासारखे. एका पायावर एक गोल पुरा करायचा, मग पाय बदलून दुसरा. चाक रेघेवरून ढळलं की गुण गेले. परीक्षक शेजारी वाकून बघत असतात. प्रितम त्या रेघेवरून असा जायचा की चाकाचा आवाजसुद्धा एका सुरात यायचा. पैजेचा प्रश्न मी कधीच विसरून गेले.

जुने गोल पुसट झाले होते. शाळेत रांगोळीत माझा पहिला नंबर, म्हणून मीच म्हणाले, "सर, मी आखते." कुणी सांगितलं नव्हतं.

माझे पप्पा फरशी बसवतात. आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, "आकांक्षा, नायलॉनची दोरी बिलकुल घेऊ नको. ओढली की लांबती. माझी तार ने."

"पप्पा, नुसता गोल तर काढायचाय!"

आणि मी मम्मीची कपडे वाळत घालायची नायलॉनचीच दोरी नेली. नियमाप्रमाणे मध्यापासून रेघेपर्यंत तीन मीटर हवेत, तिथं गाठ मारली. लग्नाच्या हॉलमध्ये खिळा कसा ठोकणार? म्हणून मध्ये प्रितमने दोरीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि मी गाठीशी खडू धरून ताणून ताणून फिरले. वरून डिस्टेंपर, म्हणजे लग्नाच्या वेळी पुसता येईल. सर म्हणाले, "एक नंबर!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आठ दिवस हवेत.

दोन महिने प्रितम त्या गोलांवर घासला. राज्याच्या निवडीला जिल्ह्यातून फिगरला एकच नाव जाणार होतं, आणि ते त्याचंच, असं सगळे धरून चालले होते. परतूरचा सूरज फक्त रविवारी रेल्वेने यायचा आणि आला की उड्यांचाच सराव करायचा. फिगर तो तिकडेच करायचा, त्याच्या शाळेच्या पटांगणात सरांनी आखून दिलेल्या गोलावर.

मागच्या रविवारी सर सगळ्यांना संभाजीनगरच्या रिंकवर घेऊन गेले. मी मोबाईल घेऊन शूटिंगला. प्रितम उतरला आणि पहिल्याच गोलात रेघेच्या बाहेर गेला. परत केलं, परत बाहेर. तिसऱ्यांदा आत खेचायला गेला आणि दुसरा पाय टेकला. सूरज मात्र रेघेला धरून गेला. सुंदर नाही, पण धरून.

"दोन महिने काय केलंस मंग?" सर सगळ्यांसमोर म्हणाले. "जुन्या गोलांवर तर चांगला चालत होतास. मोबाईल कमी कर जरा. असंच राह्यलं तर पुढच्या सोमवारी सूरजचं नाव पाठवतो."

परतताना गाडीत सूरजने त्याला चिवडा पुढे केला. प्रितमने मान हलवली. त्याचं वय पुढच्या वर्षी गटात बसत नाही. त्याच्यासाठी हे शेवटचंच वर्ष. हे सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारपासून तो सहाच्या जागी पाचला यायला लागला. माझ्या गोलांवर. सरांना दाखवायचंच म्हणून. आणि इथं तर तो रेघेवर बराबर चालायचा! "इथं होतंय, तिथं का न्हाई?" असं स्वतःशीच म्हणायचा.

शुक्रवारी मी व्हिडिओ परत परत बघितला. प्रितम दर वेळी गोलाच्या पलीकडच्या टोकाला बाहेर पडत होता. एक वीत. दुसऱ्यांदाही एक वीत, तिथंच. पप्पांचं एक बोलणं आठवलं. एकच फरशी वाकडी बसली तर हात चुकला, पण सगळ्या सारख्याच वाकड्या बसल्या तर माप बघायचं.



आज सकाळी पप्पांचा टेप दप्तरात लपवून नेला. प्रितम नळावर तोंड धुवायला गेला तेवढ्यात मध्यावर टेप धरून रेघेपर्यंत ओढला. तीन मीटर बारा सेंटिमीटर. दुसरीकडून मोजलं. तीन मीटर बारा. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चोवीस सेंटिमीटर जास्त. बराबर एक वीत.

"काय मोजून राह्यली गं?" दारातून प्रितम.

"काही न्हाई. असंच."

तो हसला, बूट चढवले आणि परत माझ्या चुकीच्या गोलावर फिरायला लागला. मी बघत बसले. जितका फिरेल तितका बिघडणार होता, आणि मी तोंड मिटून बसले होते. हजेरीला बसायचे तशी.

संध्याकाळी मम्मी भाकरी थापत होती. पप्पा पायाचं सिमेंट धुऊन आत आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

मम्मीचा हात थांबला. "कोणाला माहिती हाय हे?"

"मला."

"मंग जाऊन गुपचूप पूस आन् नीट काढ. सगळ्यायसमोर कशाला वंगाळ व्हायचं?"

"गुपचूप काढला तर सरांना वाटेल प्रितमच चुकला. सोमवारी सूरजचं नाव जाईल."

"आन् त्या परतूरच्या पोराचं? त्याची काय चूक? नाव आल्यावर काढून घेतेत का कुणाचं?"

सूरजचा चिवडा आठवला. पप्पांनी एकच विचारलं, "किती भरलं?"

"बारा सेंटिमीटर जास्त."

त्यांनी मान हलवली. मी सांगितलं होतं, असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

"ऐका," मी म्हणाले. आवाज मोठाच निघाला. "उद्या रविवार. सर, प्रितम, सूरज सगळे असतील. मी सगळ्यांसमोर सांगणार की दोरी माझी होती, चूक माझी होती. नाव पाठवायची शेवटची तारीख शुक्रवार आहे, मी कागद वाचलाय. सरांना म्हणणार, सोमवारी पाठवू नका. खऱ्या गोलावर दोघांनाही चार दिवस चालू द्या, मंग ठरवा. प्रितम बोलला न्हाई तरी चालेल, सूरज चिडला तरी चालेल. आन् नवा गोल मीच आखणार. पप्पा, तुमची तार काढून ठेवा."