खंडेनवमीची पक्कड

खंडेनवमीच्या सकाळी धारवाडच्या त्या कॉलनीतल्या सगळ्या गाड्या आंघोळ करून, झेंडूच्या माळा घालून शहाण्यासारख्या उभ्या होत्या. मुतालिकांची जुनी जिप्सीसुद्धा उभी होती. शहाणपण नव्हतं ते फक्त तिच्या मालकाला. दत्तात्रयराव मुतालिक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झालेला माणूस, सकाळपासून देवघर ते फाटक आणि फाटक ते देवघर अशा येरझाऱ्या घालत होता. पुसलेली काच परत पुसली. बॉनेट उघडलं, आत डोकावून बंद केलं, आणि थोड्या वेळानं परत उघडलं. अहो, आत काय मांजर व्यालं होतं का? पण जिवाला चैन नसली की माणसाला काहीतरी उघडझाप लागते.

याला कारण होता सकाळीच आलेला पुतण्याचा फोन. श्रीहर्ष, म्हणजे रामचंद्र अण्णांचा मुलगा, बेंगळुरूला असतो. तो गावी आला होता. "काका, उद्या सकाळच्या गाडीनं बाबांना घेऊन जातोय. कायमचं. शेत वाट्यानं लावलं, घराला कुलूप घालतोय," म्हणाला. आणि मग जरा थांबून, "बाबांनी सांगायला सांगितलेलं नाही. मीच आपलं सांगतोय."

आपलं सांगतोय म्हणे! हे ऐकल्यावर माणसानं पुरणपोळी खायची कशी?

दत्तात्रयरावांनी आठ वर्षांत सख्ख्या थोरल्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणजे एकदा पाहिलं होतं, लेकीच्या, दीपश्रीच्या लग्नात. अण्णा आले, पुतणीवर अक्षता टाकल्या आणि घोटभर पाणीही न पिता अळणावरच्या बसनं परत गेले. आणि हे सगळं कशापायी, तर या जिप्सीपायी.

गाडी दोघांनी मिळून आणली होती. खात्याच्या लिलावात निघालेली, पत्र्याला भोकं, सीटमधून काथ्या बाहेर. गावच्या खळ्यात आंब्याखाली उभी करून दोघा भावांनी ती उभ्या पावसाळ्यात सुटी केली आणि परत जोडली. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळची एक जाडजूड पक्कड होती, तिनं निम्मं काम झालं. पुढच्या दोन चाकांच्या मध्यावर एकेक गोल चकती असते. चिखल आला की खाली उतरून ती हातानं फिरवायची, म्हणजे चाक आतल्या दांड्याला जखडतं. मग आत बसून छोटा दांडा ओढला की चारी चाकं जोर लावतात. एक उतरायचा, एक बसायचा, असा दोघांचा शिरस्ता होता. ओढा असो, भाताचं शेत असो, जिप्सी अडली म्हणून नाही.

दीपश्रीच्या साखरपुड्याला अण्णा गावाहून तांदळाचं पोतं घेऊन एकटेच गाडी चालवत आले. ओढ्यात चारी चाकं लावली होती ती काढायची राहिली, आणि तशीच डांबरी रस्त्यानं धारवाडपर्यंत आणली. चिखलात चाक घसरतं म्हणून चालून जातं. पक्क्या रस्त्यावर पुढची न् मागची चाकं एकमेकांना ओढत बसतात आणि मधल्या मध्ये गियर भरडतात. फाटकाशी येऊन गाडी कण्हत कण्हत जी थांबली ती हलेना. अण्णा पक्कड घेऊन चाकाशी बसले. तेवढ्यात व्याह्यांची मंडळी दारात, आणि दत्तात्रयरावांच्या डोक्यात राख गेली. "अक्कल गहाण टाकलीस का रे अण्णा? चालवता येत नाही तर बसतोस कशाला? पुन्हा म्हणून या गाडीला हात लावायचा नाही!"

नऊ वर्षांनी मोठा भाऊ. ज्यानं मांडीवर बसवून ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याला, पाहुण्यांसमोर. अण्णा उठले, उपरण्याला हात पुसले आणि चालू लागले. हातातली पक्कड हातातच राहिली, ती गावाला गेली. गियर दुरुस्त झाले, भाऊ दुरुस्त झाला नाही. दत्तात्रयरावांनी नवी पक्कड घेतली, पण पुढची चाकं काही परत जखडली नाहीत. धारवाडहून हुबळी, कोप्पीकर रोडवर दोन कामं, आणि परत. चिखलात जायचं कुणासाठी?

दुपारी पोळी ताटात तशीच टाकून ते उठले. "मी जाऊन येतो."

कुसुमावतीबाईंनी कुठे म्हणून विचारलं नाही. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला ते विचारावं लागत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडीची पूजा झालीय. आज हलवतात का कधी? उद्या शिलंगणाला न्या."

"उद्या तो रेल्वेत असेल."

"मग जा बाई! पण देवापुढचं काही उचलायचं नाही हां, सांगून ठेवते."

देवापुढे काय काय होतं? विळी, कात्री, दीपश्रीची जुनी कंपासपेटी, आणि गाडीची अख्खी हत्यारपेटी. पाने, जॅक, स्क्रू-ड्रायव्हर, नवी पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. नवमीला पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हा मुतालिकांच्या घरचा कायदा, आणि त्यातले न्यायाधीश म्हणजे अण्णा. लहानपणी दत्तूनं ऊस तोडायला पूजेतला कोयता उचलला, तर अण्णांनी अशी थोबाडीत दिली होती की गाल दोन दिवस पानतंबाखू भरल्यासारखा दिसत होता. दत्तात्रयरावांनी पेटीकडे एकदा पाहिलं. हत्यारं लागतायत कशाला, रस्ता तर चांगला आहे, असं म्हणून ते निघाले.

जिप्सी सुरू झाली तशी सगळी कॉलनी जागी झाली. सायलेन्सर फुटून दोन महिने झाले होते. कुसुमावतीबाई रोज म्हणायच्या दुरुस्त करा, आणि हे रोज म्हणायचे उद्या. माळ घातलेली, भस्माचे पट्टे ओढलेली गाडी बोंबलत बोंबलत अळणावरच्या रस्त्याला लागली.

आणि वाटेत ह्या माणसाचं डोकं काही स्वस्थ बसेना. गेल्यावर म्हणायचं काय? 'अण्णा, चुकलो'? छे, गियर काय मी भरडले होते? 'सहज आलो होतो'? सहज कोण येतं नवमीला पूजेतली गाडी काढून! एका ठिकाणी त्यांनी गाडी बाजूला घेऊन वळवलीसुद्धा. तोंड धारवाडकडे. मग स्वतःलाच एक शिवी घातली आणि परत वळवली. एका म्हातारीनं बसथांब्यावरून हे सगळं पाहिलं आणि हात जोडले, गाडीच्या माळेला की चालवणाऱ्याच्या डोक्याला, कोण जाणे.

अळणावर मागे पडलं, डांबर संपलं, आणि गावाच्या अलीकडचा ओढा आला. परतीचा पाऊस होऊन गेला होता. पाणी घोटाभर, पण पलीकडचा चढ म्हणजे नुसता लोण्यासारखा चिखल. दत्तात्रयरावांनी छोटा दांडा ओढला आणि घातली गाडी. पाणी पार झालं, चढ निम्मा झाला, आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. पुढची? पुढची मानाच्या पाहुण्यासारखी आरामात उभी!

"अरे देवा," त्यांनी कपाळावर हात मारला. चकत्या! उतरून फिरवायचं ते विसरले होते. विसरणारच की, उतरणारा कायम दुसरा होता.

ते चिखलात उतरले. चकतीला हात घातला. हलेना. आठ वर्षं कुणी हात न लावलेली चकती गंजून बसलेली, ती का बोटांनी ऐकणार? पंचा गुंडाळून बघितला, दगडानं ठोकून बघितलं, किल्ली घालून बघितली तर किल्लीच वाकली. पक्कड हवी होती. आणि पक्कड धारवाडला देवापुढे झेंडूखाली बसली होती.

म्हशी घेऊन जाणारा गावचा महादेव थांबला. "साहेब्र, काय झालं हो?"

"ट्रॅक्टर बघ बाबा कुणाचा. ओढून काढू."

"इवत्त यार ट्रॅक्टर तगीतार्री?" महादेव हसला. आज कोण काढणार? गावातले सगळे ट्रॅक्टर माळा घालून बसलेत, उद्या बन्नी, म्हणजे शिलंगण, झाल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. "पान्यालासुद्धा कोणी हात लावायचा नाही, साहेब. तुम्हांला ठावं नाही होय?" असं म्हणून तो म्हशींमागे ओढा उतरून गेला.

ठावं नाही होय! नाकाला मिरच्या झोंबल्या त्यांच्या. फोन काढला. अण्णांचा नंबर कुठे साठवलेला नव्हता, पाठ होता. अंगठा त्या आकड्यांवर आला न् थबकला. आठ वर्षांनी फोन करायचा, आणि म्हणायचं काय, तर मला चिखलातून काढ? त्यांनी फोन खिशात घातला. परत काढला. परत घातला. ऊन उतरायला लागलं होतं. गाव समोर दिसत होतं, कौलांवरचा धूर दिसत होता, आणि हे चिखलात उभे. मग रागारागानं आत बसून, वाकडी किल्ली कशीबशी फिरवून त्यांनी गाडी सुरू केली आणि ॲक्सिलेटर असा दाबला की फुटक्या सायलेन्सरनं सगळं शिवार दणाणलं. गाडी तसूभर खाली गेली. परत दाबला. आणखी खाली गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला प्रकार. शेवटी इंजिन बंद करून ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. नाही भेटणार आता. उद्या तो जाणार, आणि शेवटचं बोलणं राहणार ते गाडीला हात लावायचा नाही म्हटलेलं.

चिखलात पावलं वाजली. काठी टेकत, धोतर वर खोचून कुणीतरी चढ उतरत होतं. अण्णा. केस सगळे पांढरे झाले होते, गुडघे बाहेर वळले होते. गाडीपासून दोन हातांवर येऊन ते थांबले.

"आवाज ओळखला," अण्णा म्हणाले. "सायलेन्सर फुटलाय."

दत्तात्रयराव खाली उतरले. काय काय म्हणायचं वाटेत ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांचं लक्ष अण्णांच्या हाताकडे गेलं. हातात अप्पांची पक्कड होती. तिच्या दोन्ही जबड्यांवर ओलं कुंकू, आणि खाचेत अडकलेली झेंडूची पाकळी.

"पूजेतली उचललीस, अण्णा?"

"देव कुठे जातायत? जाणारा मी आहे," अण्णा म्हणाले. मग चाकाकडे बघत, अगदी हळू, "हात लावू का गाडीला?"

दत्तात्रयरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. भर उजेडात, रस्त्यावर, ह्या वयाला. "अण्णा, दोन थोबाडीत मार. पण असं विचारू नकोस रे."

"हो बाजूला," अण्णा म्हणाले, आणि खाली बसले. पक्कड लागली. एकदा, दोनदा, आणि चकती किरकिरत फिरली. मग दुसरी. अण्णांनी उठायला हात पुढे केला, दत्तात्रयरावांनी तो धरून त्यांना उठवलं, आणि गाडीतली वाकलेली किल्ली काढून, दगडावर ठोकून सरळ करून त्यांच्या तळव्यावर ठेवली. अण्णांनी किल्लीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि ते चालकाच्या जागी चढून बसले. चारी चाकांनी माती धरली. जिप्सी गुरगुरली, डोलली, आणि चढ चढून वर आली.

गावाची कमान ओलांडली की सिमेंटचा रस्ता लागतो. घर तिथून पन्नास पावलांवर. ओसरीवर श्रीहर्ष बॅगा बांधताना दिसत होता, आवाज ऐकून तो उठून उभा राहिला. आणि सिमेंट सुरू होतं तिथेच अण्णांनी गाडी थांबवली.

"काय रे, काय झालं?" दत्तात्रयरावांनी विचारलं.

अण्णा उतरले. गुडघे कडकड वाजवत पुढच्या चाकाशी बसले, चकती मोकळी केली. गाडीला वळसा घालून दुसरी मोकळी केली. वर चढून छोटा दांडा परत पुढे सारला.

"अण्णा, अरे घर तर समोर आहे!"

"पक्क्या रस्त्यावर चारी चाकं ठेवायची नसतात," अण्णा समोर बघत म्हणाले. "त्याच दिवशी परत येताना अळणावरच्या स्टँडवर एका जीपवाल्याला विचारून घेतलं होतं. पण शिकलो म्हणून सांगायचं कुणाला?"

दत्तात्रयरावांनी अण्णांच्या मांडीवरची पक्कड उचलली, सीटखाली तिच्या जुन्या जागी ठेवली, आणि म्हणाले, "उद्या स्टेशनपर्यंत तूच चालवायचीस."

अण्णांनी मान हलवली, गियर टाकला, आणि ती पन्नास पावलं गाडी हळूहळू घराशी नेली.