रविवारची सावड

शनिवारी लंकाबाईच्या रानातली खुरपणी सरली तेव्हा हन्नाची पाठ खुरप्यागत वाकली होती. बायांनी आळीपाळीनं एकमेकींच्या रानात राबायचं, ही सावड; आता ती फेडायची पाळी लंकाबाईची.

“हन्ने, उद्या समद्या तुज्या बाजरीत येतो.”

“उद्या रविवार हाय की गं.”

“मंग? सोमवारी आमचा उपास. मंगळवारपसून गहिनीनाथाच्या रानात सावड. तवर कंबरमोडी तुजी बाजरी खाऊन बसंल.”

ते खोटं नव्हतं. हे तण दिसायला गरीब. एका दांडीवर एकच पिवळं फूल. पण फुलाची कापसागत म्हातारी झाली की बी वाऱ्यावर रानभर. अर्धी पट्टी पिवळी झालीच होती. बाजरी दबली तर उन्हाळ्यात भाकरी कशाची?

घरी नवरा कृपादान. ख्रिस्ती देवळाच्या पंचांतला माणूस.

“रविवारी आपल्या रानात खुरपं न्हाई चालायचं,” तो म्हणाला. “दुसऱ्यानं चालवलं तरी त्येच.”

“मंग तनालाबी सांगा, रविवारी वाढू नगं म्हनून.”

हन्नानं बायांना नको म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळातल्या भक्तीत तिचं चित्त लागेना. बाहेर वारा सुटला होता. भक्ती उरकून दोघं रानात आली, तर पट्टी लख्ख. बाया घरी गेल्या होत्या. लंकाबाई तेवढी बांधावर टेकलेली. शेजारी उपटलेल्या तणाचा ढीग, आणि त्यातल्या म्हाताऱ्या वारा उचलून परत बाजरीत टाकत होता.

“वाऱ्याच्या तोंडाला ढीग घातलास व्हय गं?” हन्ना म्हणाली.

“कंबर सरळ व्हईना, लांब कोन जातंय टाकाया? पेटवून दे.”

“वल्लं हाय ते. रेशनच्या घासलेटावर दिवा जळंना, ह्ये काय जळतंय.”

कृपादान ढिगाजवळ गेला. मग त्यानं डोक्याचा पांढराशुभ्र पटका सोडला, ढिगावर पसरला आणि चारी बाजूंनी दगड ठेवले.

“दाजी, आज काम केलंत की,” लंकाबाई म्हणाली.

“डोक्याचा पटका काढला. त्याला काम म्हनत्यात व्हय?”

लंकाबाई तोंडाला पदर लावून हसली. हन्नाला हसायचंही त्राण नव्हतं. पटक्यावर हिरवे डाग उमटू लागले होते, आणि सोमवारचं धुणं तिच्याकडं होतं.