बाहेरचं सगळं आमच्याकडे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. तुम्ही माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता, मी तळपायांवरून ओळखते. अंगावर चढणारा माणूस घाबरलेला आहे की घाईत आहे, हे मला पहिल्याच पायरीला समजते. वर जाऊन तो काय बढाया मारतो, त्याच्याशी मला देणेघेणे नाही.

एका सुताराने मला दोन भावांच्या वडिलांसाठी बनवले. वडील गवंडी होते, घरांच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा करायचे. ते गेल्यावर हत्यारांची वाटणी झाली, पण शिडी मधोमध कापणार कशी? म्हणून मी दोघांची राहिले. थोरल्याने वडिलांचे काम उचलले आणि धाकटा रंगारी झाला. थोरल्याच्या टाचा सिमेंटने फुटलेल्या आणि पाऊल दणकन पडणारे. धाकटा मात्र पायरी चाचपून चढायचा.

तेव्हा दोघे आपापली कामे वेगळी घेत. तरी पुष्कळदा एकाच घरावर गाठ पडायची आणि जुंपायची. थोरल्याचा गिलावा झाला की धाकटा भिंतीला पालथा हात लावून बघायचा आणि रंगाच्या डब्यावर खुशाल बसून राहायचा.

“दादा, ओली आहे. मी ब्रश लावणार नाही.”

“अरे, वरून वाळली की. आतलं कोण बघतंय?”

“आत ओल राहिली तर रंग सुटेल. शिव्या मला पडतील, तुला नाही.”

थोरला चडफडायचा, पण थांबायचा, कारण रंगाचे काम त्याचे नव्हते. मला ही कटकट नकोशी वाटायची. तिच्यामुळेच भिंती टिकत होत्या, हे मला फार उशिरा समजले.

लोकांना मनासारखी स्वतंत्र घरे बांधून देणारे एक बिल्डर होते. पांढरे बूट घालून चिखलातून फिरायचे, म्हणून भाऊ त्यांना बूटवाले म्हणत. थोरल्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, त्यांच्यावरूनच एक कल्पना सुचली.

“अहो, गिलाव्याला एक, रंगाला दुसरा, पन्हळी बसवायला तिसरा. एका घरासाठी त्यांना किती जणांच्या मागे लागावं लागतं. आपण सांगू, घराबाहेरचं सगळं आम्ही करतो. एकच फोन करा आणि निवांत राहा.”

झाले. पन्हळी बसवणारा नोकरीला ठेवला, टेम्पो आला, आणि धाकट्याने टेम्पोच्या दारावर सुबक अक्षरांत रंगवले : ‘बाहेरचं सगळं आमच्याकडे.’ मला टपावर बांधले. ॲल्युमिनियमच्या चकचकीत शिड्या बाजारात आल्या होत्या, तरी मान माझाच होता. “दणकट आहे हो म्हातारी,” असे बूटवाले माझ्या अंगावर थाप मारून म्हणाले होते. मी तेव्हा म्हातारी नव्हते, पण कौतुक कोणाला नको असते? दोघे भाऊ एका डब्यात जेवायचे. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

मग ते दुमजली घर आले. खिडक्या उशिरा आल्यामुळे गिलावा लांबला होता आणि मालकांना जुने घर सोडायचे होते. बूटवाले म्हणाले, “हे वेळेवर द्या, पुढची सगळी घरं तुमची.” वहिनीने लगेच शब्द दिला.

धाकटा माझ्यावर चढला. भिंतीला पालथा हात लावला.

“दादा, अजून ओल आहे. महिनाभर तरी जाऊ दे.”

“आता तुझं-माझं राहिलंय का? काम आपलं आहे. लाव रंग.”

त्याचे पाय मधल्या पायरीवर बराच वेळ थांबले. पूर्वी तो सरळ खाली उतरला असता. पण आता धंदा घरचा, शब्द वहिनीने दिलेला आणि सांगणारा सख्खा भाऊ. परक्याला नाही म्हणणे सोपे असते. त्याने ब्रश बुडवला.

घर देखणे झाले. फोटो काढताना मध्ये येते म्हणून मला भिंतीआड नेऊन ठेवले.

पुढे कडक उन्हे पडली आणि आत कोंडलेली ओल बाहेर यायला वाट शोधू लागली. दर्शनी भिंतीवर रंगाला फोड आले. बूटवाल्यांनी दोघांना बोलावले आणि एक फोड अंगठ्याने दाबला. पाण्याचा ओघळ खाली आला.

“पूर्वी रंगारी गवंड्याला अडवायचा,” ते शांतपणे म्हणाले. “आता तुम्ही सगळे एकच. मग अडवलं कोणी?”

धाकटा म्हणाला, “रंग मी लावला. चूक माझी.” आणि त्याने भावाकडे पाहिले. ‘लाव म्हणून मी सांगितलं,’ एवढे एक वाक्य पुरले असते. थोरला खाली मान घालून उभा राहिला. मला त्या क्षणी त्याचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

“भावजी, निदान जेवून तरी जा,” वहिनी म्हणत होती. धाकट्याने ब्रश पिशवीत भरले आणि तो दुसऱ्या गावी एका रंगाऱ्याकडे कामाला लागला. वहिनी फोन करते, तेव्हा तो गोड बोलतो आणि “बघू” म्हणतो. बूटवाल्यांनी दुसरी माणसे धरली. टेम्पोही गेला.

आता मी थोरल्याच्या घरामागे उभी आहे. खालच्या पायऱ्यांना वाळवी लागली आहे. मला वाचवा, असे मी तुम्हाला म्हणत नाही. माझे काय व्हायचे ते होईल. पण मित्रांनो, तुमचे माणूस तुम्हाला ‘थांब’ म्हणाले, तर त्याला नात्याची भीड घालून गप्प करू नका. आणि ते तुमच्यासाठी बोलणी खात असेल, तर तुम्ही तोंड उघडा.

मी टेकले आहे त्या भिंतीला थोरल्याने एकट्याने गिलावा केला, तेव्हाच मी शेवटची कामाला आले. त्याला पुष्कळ दिवस झाले. भिंत अजून बिनरंगाची आहे. परवा शेजाऱ्याने कुंपणावरून विचारले, “काय हो, रंगारी नाही का बोलावला?”

“अजून ओली आहे,” थोरला म्हणाला.

भिंत केव्हाच वाळली आहे.