रस्त्यावरचा एक बूट

भाग्यश्री शेहेचाळीस वर्षांची, मूल गावातल्या शाळेत गणिताची बाई. थंडीत चंद्रपूरला मॅरेथॉन होती, बेचाळीस किलोमीटरची. धाकट्या दिराच्या, अजयच्या आग्रहाखातर तिनं नाव दिलं आणि त्या दिवसापासून पस्तावत राहिली.

रविवारी उजाडलं की दोघं जंगलातल्या रस्त्यानं सरावाला निघत. अजय पुढे, ती धापा टाकत मागे.

"भाऊजी, माह्याच्यानं नाई होत. लोक हासतील मले."

"हासू द्या न, वहिनी! तुमच्यानं..."

त्या रविवारी अजयचं बोलणं तिथंच तुटलं आणि तो रस्त्यावर बसला. तिला वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. मग त्याचा चेहरा दिसला. राखेसारखा. घामानं निथळत होता, डावा हात छातीशी आवळलेला.

फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर गाडी नव्हती. मागचं गाव चार किलोमीटरवर. आणि याच पट्ट्यात पंधरवड्यापूर्वी गवत कापणाऱ्या बाईला वाघानं उचललं होतं. खाली बसलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक.

"जा न, वहिनी," अजय कण्हत म्हणाला.

तिनं त्याला किलोमीटरच्या दगडाला टेकवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि धावत सुटली.

गावात वारलू नावाचा माणूस तलावातली मासोळी पिकअपमध्ये भरत होता. तिच्या तोंडून शब्द फुटेना. "भाऊ... दीर... छाती..." एवढंच. त्यानं हातातला टोपला तिथंच टाकला आणि गाडी सुरू केली.

दगडापाशी पोचले. अजय नव्हता.

डांबरावर त्याचा एक बूट पडला होता. बाटली लवंडलेली. कडेचं गवत दबलेलं.

वारलूनं हॉर्नवरचा हात काढला नाही. "बाई, उतरू नका!"

ती उतरली. बूट उचलून उभी राहिली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: दुसरं कोणी असतं तर लवकर पोचलं असतं. आपण हळू धावलो.

वारलू काठी घेऊन खाली आला, गवत बघून आला. "रगत नाई दिसत, बाई. ओढत नेल्याचं पण काई नाई. बसा, समोर पाहू."

पुढच्या चढावर रेंज आली आणि तिच्या हातातला फोन वाजला. नवरा होता, सुरेंद्र.

"कुठी आहेस तू? अजयले दवाखान्यात आणलं!"

पलीकडून वनखात्याची जीप आली होती आणि त्याला घेऊन तशीच मागे वळली होती. उचलताना बूट निघाला असावा.

"जित्ता आहे?" तिनं विचारलं. सुरेंद्र हो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर वारलूनं तिच्या हातातून फोन घेतला.

अजयला चंद्रपूरला हलवलं, स्टेंट टाकला. दोन दिवसांनी तो नीट बोलायला लागला.

"आठ दिवसांपासून दुखून राह्यलं होतं, वहिनी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर तुमी धावणं सोडलं असतं. तुमाले कारणच पायजे होतं."

तिचं नेहमीचं रडगाणं सांभाळत हा माणूस छातीत कळ दाबून धावत होता! ती खोलीबाहेर पडली, बाकावर बसली. सुरेंद्रनं चहा आणला, तो तसाच गार झाला. पुढे कित्येक दिवस ती अजयशी बोलली नाही. राग त्याच्यावर होता की स्वतःवर, तिला सांगता आलं नसतं.

शर्यतीला मात्र ती गेली. नको वाटत असतानाच गेली. शेवटच्या टप्प्यात चाललीच जास्त. पोचली तेव्हा मांडवाचे दोर सुटत होते. खुर्चीवरचा अजय टाळ्या वाजवत उठला.

"खाली बसा," ती धापा टाकत म्हणाली. "आज दुखते का? खरं सांगा."

"नाई, वहिनी."

तिचा विश्वास बसेना. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत तिथंच उभी राहिली. कोणीतरी तिच्या गळ्यात पदक घातलं, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.