समोरासमोरची दोन पानं

फरक साडेसहा मिलिमीटरचा होता. केशरने स्टीलची पट्टी कागदाच्या वरच्या कडेला पुन्हा लावली, पहिल्या नावाच्या शिरोरेषेपर्यंत मोजलं, मग शेजारच्या पानावर मोजलं. कागद तिरका ओढला गेला असेल म्हणून दुसरी प्रत छापली. तिथेही तेवढाच. डाव्या पानावर वरच्या घराचे गुरुदास जिथे होते तिथेच होते. उजव्या पानावर खालच्या घराचे परशू एक ओळ खाली घसरले होते, आणि त्यांच्या डोक्यावर वरच्या घराच्या मजकुराची शेवटची ओळ येऊन बसली होती.

नव्या सॉफ्टवेअरचा हा पहिलाच प्रताप. नशीब एवढंच, की प्रयोग दुसऱ्या कॉम्प्युटरवर, फाईलच्या नकलेवर चालला होता. मूळ फाईल जुन्या कॉम्प्युटरवर शाबूत होती. तो कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू होताना नवी आवृत्ती घालायची का म्हणून विचारायचा आणि केशर रोज ‘नंतर’वर बोट दाबायची. दाबून झाल्यावरही बराच वेळ तिचं लक्ष कामात लागत नसे. उगाच उठायची, कागदाचे गठ्ठे सरळ करायची, पुन्हा बसायची.

कर्नाटकाच्या हद्दीतल्या रामनगरच्या बस स्टँडसमोर तिचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, यात्रेची पत्रकं ही नेहमीची कामं. हे काम वेगळं होतं. तिच्या माहेरची, वाघवळीची, स्मरणिका देवळावर कळस चढायच्या दिवशी निघायची होती. अर्धी पानं लावून झाली होती, आणि त्या अर्ध्यात ही दोन होती.

वाघवळीत मानाची घरं दोन. शिमग्याला कुणाचा ढोल आधी देवळाच्या अंगणात शिरायचा, यावरून केशर शाळेत असताना जी जुंपली ती मिटलीच नाही. तेव्हापासून एका गावात दोन शिमगे. केशरची आई तारा ही वरच्या घरची लेक आणि खालच्या घरची सून. गुरुदास तिचा सख्खा भाऊ, परशू तिचा थोरला दीर. माहेर एका हाकेच्या अंतरावर, पण भांडणानंतर तिने त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

स्मरणिकेत कुणाचं घर आधी, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. शेवटी तोड निघाली ती केशरच्या टेबलावर. समोरासमोरची दोन पानं. डावं पान आधी वाचलं जातं, ते वरच्या घराला. उजवी बाजू मानाची, ती खालच्या घराला. नावं एका रेषेत, ओळी सारख्या, फोटो सारखे. तेवढ्यावरही भागलं नाही. छापलेलं प्रूफ देवीपुढे ठेवून कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. त्या दिवशी तारा भावाच्या घरी जेवली. येताना तिने माहेरच्या परसातली अळूची पानं ओच्यात भरून आणली आणि दुसऱ्या दिवशी ती चिरताना गाणं म्हणत होती.

अडचण काढली भाग्यलक्ष्मीने. ही गुरुदासांची सून, हल्याळकडची, कन्नडमध्ये शिकलेली आणि आता वाघवळीच्या शाळेत मास्तरीण.

“अक्का, पुस्तक चांगलं होतंय म्हणत्यात सगळी,” ती एकदा दुकानात येऊन म्हणाली. “मला काय ठाव? मला त्ये वाचायला येत न्हाई. माझ्या वर्गातल्या एकाबी पोराला येत न्हाई.”

खरंच होतं. गावची पोरं घरी मराठी बोलत आणि वाचत कन्नड. भाग्यलक्ष्मीचं म्हणणं, प्रत्येक पानावर मराठीखाली कन्नड असावं. भाषांतर तिचं तीच करणार होती. निम्मं तर तिने करूनही आणलं होतं. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कन्नड टाकलं की ओळभर नुसते चौकोन उमटत. चित्र म्हणून चिकटवून पाहिलं, तर बेळगावच्या छापखान्यातून ते पुसट होऊन आलं. नव्या आवृत्तीत दोन्ही लिप्या एका पानावर सुखाने नांदत होत्या. मात्र तिथे मराठीचाही फॉन्ट बदलायला हवा, आणि नवी अक्षरं अंगाने थोडी रुंद. पानामागे ओळभर मजकूर पुढे सांडायचा. शिवाय एकदा नव्यात गेलेली फाईल जुन्यात परत उघडत नव्हती.

कन्नडची अजून एक ओळही घातली नव्हती, तोवर परशूकाका साडेसहा मिलिमीटर खाली गेले होते.

“पान मोडू नको गे,” लेकीकडे राहायला आलेली तारा सकाळी म्हणाली होती. “येवढ्या वर्सांनी शांत, सुम्नं झालंय सगळं. सुम्नं ऱ्हाऊ दे.”

दुपारी छापखान्यातून फोन आला. कळसाला पुस्तक हवं असेल तर फाईल जुन्यात येणार की नव्यात ते आज सांगा, म्हणाले. केशरने दोन्ही प्रुफं पिशवीत घातली, आईला स्कूटरवर मागे बसवलं आणि वाघवळीची वाट धरली. जोयडा मागे पडलं, मोबाईलची रेंज गेली, रस्ता झाडांत शिरला. वाटेत ती दोनदा थांबली. एकदा प्रुफं चुरगळत नाहीत ना ते बघायला. दुसऱ्यांदा का थांबली ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

देवळाच्या मंडपात गिलावा चालू होता. दोघे म्हातारे एकाच बाकावर, पण मध्ये तिसरा माणूस मावेल एवढं अंतर ठेवून कामावर नजर ठेवून होते. भाग्यलक्ष्मी शाळेतल्या पोरांसाठी पाणी न्यायला आली होती, ती घागर ठेवून थांबली. केशरने आधी जुनं प्रूफ दाखवलं, मग नवं, आणि काय होतं ते सरळ सांगितलं.

परशूकाकांनी नवं पान डोळ्यांजवळ धरलं. “ही माझ्या डोक्यावर कोण बसलीया?”

“मामांच्या घराची शेवटची ओळ.”

“बघितलंस? ह्या घराची जुनी खोड. दुसऱ्याच्या अंगणात शेपूट टाकायची.”

“शेपूट न्हवं त्ये,” गुरुदासमामा म्हणाले. “आशीर्वाद हाय. थोरल्यांचा हात डोक्यावर असावा.”

बाकावरचं अंतर आणखी वाढलं. ताराने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. केशरला आईची ती सवय ठाऊक होती.

“काका, हे नीट करता येईल,” ती घाईने म्हणाली. “अक्षर जरा लहान करून नाहीतर दोन शब्द कमी करून. पण मग हे देवीने कौल दिलेलं पान राहणार नाही. नवंच पान होईल.”

“मग करायचं कशाला? हाय त्ये छाप की,” गुरुदासमामा म्हणाले. या एका बाबतीत परशूकाकांची मान त्यांच्या बाजूने हलली.

“मामंजी,” भाग्यलक्ष्मी म्हणाली, “मला आन् पोरास्नी कोण वाचून दावणार?”

“मी दावीन.”

“किती वर्सं?”

मंडपातल्या गवंड्याने थापी थांबवून इकडे बघितलं. परशूकाकांनी घसा खाकरला. “त्येची काळजी करू नको, सूनबाई. त्यो मला पोचवूनच जाणार हाय. न्हाईतर असं करू, कन्नडचं एक बारकं पुस्तक येगळं काढू.”

“येगळं पुस्तक म्हंजे येगळी पंगत झाली, काका. गावात शिमगं दोन हायतच. आता पुस्तकं बी दोन करा.”

अडलं की वाघवळीत जे होतं तेच झालं. परशूकाकांनी देवळाच्या झिलू गुरवांना हाक मारली. “कौल लावा. नवीन मशीन घालायची का न्हाई, देवीलाच इचारू.”

“मशीनीचा कौल कवा लावला न्हाई,” झिलू म्हणाले. “पर कवा लावला न्हाई म्हणून लावायचाच न्हाई, असं बी न्हाई.”

केशरच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतके दिवस ती हेच तर शोधत होती: निर्णय घेणारं दुसरं कोणीतरी. आता काहीही झालं तरी कुणी तिच्याकडे बोट दाखवणार नव्हतं. झिलूंनी दोन्ही प्रुफं देवीपुढे ठेवली, पाकळ्या पाण्यात बुडवून खांद्यांना चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि बाजूला झाले.

सगळे थांबले. मंडपातला गिलावाही थांबला.

पाकळ्या हलत नव्हत्या. केशरने आधी हात जोडले, मग खाली सोडले, मग पिशवीचे बंद आवळले. तिची नजर पाकळ्यांवरून हटेना. डावीकडचं दार उघडं होतं आणि शेताकडचा वारा थेट आत येत होता. डाव्या पाकळीची कड पांढरट होऊन किंचित उचलली होती. उजवी अजून ओलीगच्च. पाणी सुकलं की काय होणार ते तिला दिसत होतं. दार लोटावं असं मनात आलं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली.

हळूच तिने मागे बघितलं. दोघे म्हातारे मन लावून डाव्या खांद्याकडे बघत होते. नकार आला तर पान वाचणार, आईचं माहेर वाचणार, कुणाला कुणाशी बोलावं लागणार नाही. भाग्यलक्ष्मी देवीकडे बघतच नव्हती. ती पायाशी ठेवलेल्या प्रुफांकडे बघत होती; कुलूप लागलेल्या दुकानात बाहेरून बघावं तसं.

केशरला वाटलं, माणसाच्या ‘नाही’वर माणूस भांडतो, रुसतो, वर्षांनी का होईना भाऊ बहिणीला जेवायला बोलावतो. पण देवी नाही म्हणाली, की ही मास्तरीण पुन्हा तोंड उघडू शकणार नाही. तिची पोरंही नाहीत. आणि ते ‘नाही’ देवीकडून वदवून घेणारी कोण, तर केशर, जिला ‘नंतर’ सोडून दुसरं काही दाबता आलं नाही.

डाव्या पाकळीची कड आणखी वर आली. केशर आईकडे वळली. ताराच्या बोटाभोवती पदर घट्ट बसला होता, पण ती लेकीकडेच बघत होती, आणि या खेपेला ‘मोडू नको’ म्हणाली नाही.

“झिलूअण्णा, पाकळ्या उतरवा,” केशर म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “मी नवीन सॉफ्टवेअर घालणार. आजच. हे पान मोडेल. मी ते पुन्हा मांडीन, कन्नड घालून, आणि मामा, काका, तुमच्या दोघांच्या घरी येऊन दाखवीन. देवीला मध्ये घालू नका. भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा.”